बायपासची तारीख मिळाली आहे. तोवर नानांना बाजेवर ठेवायचं की चालवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: वडील (घरात सगळे त्यांना नाना म्हणतात) ६४ वर्षांचे, बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यात शेती, ११ वर्षांपासून शुगर. अँजिओग्राफीत तिन्ही नळ्यांत ब्लॉकेज निघाले, बायपास सांगितली, तारीख पाच आठवड्यांनंतरची आहे. पाव्हणे-रावळे म्हणतात, जागचं हलू देऊ नका. पुण्याचा पुतण्या म्हणतो, रोज पाच किलोमीटर चालवा आणि कपालभाती करायला लावा. आई त्यांना पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नाही. कुणाचं ऐकायचं?

तिघांचंही नको, पुतण्याचं तर मुळीच नको. आईंचंही चुकतंय, पण त्या असं का करतात ते मला कळतं. डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवून "ही नळी नव्वद टक्के बंद" म्हटलं की घरच्यांना आपला माणूस काचेचा दिसायला लागतो. मग बाज ओसरीत येते, उशाला गोळ्यांचा डबा येतो, आणि काल-परवापर्यंत धुऱ्यावरून चालत जाऊन बैलांना पाणी दाखवणारा माणूस पाच आठवडे छताकडे बघत पडून राहतो.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. छत्रपती संभाजीनगरात हृदयाच्या ऑपरेशनच्या आधी आणि नंतर पेशंटांबरोबर काम करते, २२ वर्षं झाली. बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडची माणसं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी माझ्यासमोर येतात तेव्हा मी रिपोर्टच्या आधी त्यांच्या मांड्या बघते. महिनाभर बाजेवर राहिलेल्याच्या मांड्या धोतरातूनसुद्धा कळतात. खुर्चीवरून उठताना तो दोन्ही हात टेकतो. नेमकं तेच त्याला ऑपरेशननंतर करता येणार नसतं.

ऑपरेशन हृदयाचं असलं तरी दुसऱ्या दिवसापासून कामाला लागतात ती फुप्फुसं आणि मांड्या. छातीचं मधलं हाड उभं कापतात आणि काम झाल्यावर स्टीलच्या तारांनी आवळून बांधतात. ते जुळायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं घट्ट व्हायला तीन महिन्यांपर्यंत. तोवर हातांवर भार देऊन उठणं, दोर ओढणं, बादली उचलणं बंद. म्हणजे पलंगावरून उठायचं, संडासला बसून उठायचं, तर सगळी मदार पायांवर. त्यातल्या एका पायातून बहुतेक वेळा बायपाससाठी शीर काढलेली असते, तो पाय सुजलेला असतो.

दुसरीकडे, छाती दुखते म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो. भूल आणि व्हेंटिलेटरमुळे फुप्फुसांचा खालचा भाग, जास्त करून डाव्या बाजूचा, मिटून राहतो. खोकायची भीती वाटते, कफ साचतो आणि त्यातून न्यूमोनिया होऊ शकतो. आपल्याकडे बरीच बायपास ऑपरेशनं हृदय चालू ठेवूनच करतात, त्यामुळे "हृदयाचं काम करणाऱ्या मशीनवर घेतलं नाही म्हणजे फुप्फुसांना त्रास नाही" असा एक समज आहे. छातीचं हाड तर तेव्हाही कापलेलंच असतं.

पडून राहण्याने किती जातं त्याचा एक आकडा सांगते. २००७ साली अमेरिकेत धडधाकट म्हाताऱ्या माणसांना मुद्दाम दहा दिवस अंथरुणात ठेवून मोजलं. पायांचं मांस जवळपास एक किलो घटलं. ती माणसं आजारी नव्हती आणि शुगर असलेले नानाही नव्हती. तुमच्याकडे तर पाच आठवडे आहेत.

आता "मग आजपासून चालवतो" असं म्हणायच्या आधी थांबा. वाट बघणं एकाच जातीचं नसतं. नानांना तारीख पाच आठवड्यांची दिली आहे, म्हणजे डॉक्टरांच्या हिशोबी ते तेवढं थांबू शकतात, ही चांगली खूण. तरी एकदा कार्डिऑलॉजिस्टकडे जाऊन सरळ विचारा: "मुख्य डाव्या नळीत किती अडथळा आहे? पंपिंग किती आहे? झडपेचं काही आहे का? सपाट रस्त्यावर हळू चालायला तुमची परवानगी आहे का?" ती परवानगी फाइलवर लिहून घ्या. तोंडी नको. गावात परत आल्यावर दहा जण दहा गोष्टी सांगतात, तेव्हा तो कागद कामाला येतो.

काही पेशंटांना मी चालण्याचा कार्यक्रम देतच नाही. बसल्या जागी किंवा रात्री झोपेत छातीत कळ येणारे. गेल्या काही दिवसांत कळ लवकर, वारंवार किंवा जास्त जोरात येऊ लागलेले. पायांवर सूज चढून उशा लावून बसून झोपावं लागणारे. ठोके अनियमित होऊन घेरी येणारे. बसल्या-बसल्या बीपी १८०/११० च्या वर असणारे. अंगात ताप असलेले. आणि ज्यांची महाधमनीची झडप फार अरुंद झाली आहे ते. असा माणूस चालता-चालता एकाएकी कोसळू शकतो. यांच्यासाठी व्यायाम म्हणजे बसून श्वासाचे प्रकार, पाऊल वर-खाली करणं, एवढंच. आणि दुखणं वाढत असेल तर व्यायामाचा विचार बाजूला ठेवून तारीख अलीकडे घेण्यासाठी डॉक्टरांकडे जाणं.

नाना यात बसत नाहीत असं धरून पुढचं लिहिते.

सुरुवात श्वासापासून करा, कारण ती आजच, ओसरीत बसून करता येते. मेडिकलमध्ये तीन गोळ्यांचं प्लास्टिकचं यंत्र मिळतं, काही शे रुपयांत. निळ्या-पिवळ्या गोळ्या, वाकडी नळी. यातून हवा आत ओढायची असते. फुंकायची नसते. हे मी एवढ्या ठासून लिहिते कारण माझ्या हातून एक चूक झाली होती. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत एका आजोबांना मी यंत्र दिलं, घाईत तोंडी समजावलं, आणि "रोज करा बरं का" म्हणून पाठवलं. तीन आठवड्यांनी ते भरती व्हायला आले. मी म्हटलं, दाखवा. त्यांनी यंत्र उलटं धरलं, गाल फुगवले आणि तिन्ही गोळ्या फुंकून वर नेल्या. तिन्ही! चेहऱ्यावर केवढा आनंद. तीन आठवडे माणूस इमानदारीने चुकीचं करत होता, आणि दोष माझा होता. तेव्हापासून मी पेशंटकडून तीनदा करवून घेतल्याशिवाय यंत्र घरी देत नाही.

पद्धत अशी. पाठ ताठ ठेवून बसायचं. आधी श्वास सहज बाहेर सोडायचा. नळी ओठांत घट्ट धरून सावकाश, लांब ओढायचं, पोट पुढे आलं पाहिजे, खांदे वर नाही. गोळी वर जाईल तेवढा वेळ तशीच तरंगत ठेवायची, दोन-तीन सेकंद. मग नळी काढून श्वास सोडायचा. एका वेळी आठ-दहा, त्याहून जास्त सलग नको, घेरी येते. जागेपणी दर दोन तासांनी. पहिली गोळी वर जाऊन टिकली तरी पुष्कळ. तिसरी गोळी एका झटक्यात उडवणं म्हणजे काही कुस्ती मारणं नव्हे. झटका देऊन ओढलेली हवा फुप्फुसाच्या तळापर्यंत नीट पोचत नाही.

याहून एक पायरी वरचं छोटं स्प्रिंगचं यंत्र असतं. त्यात हवा ओढायला अडथळा असतो, म्हणून श्वास घेणाऱ्या स्नायूंना खरा व्यायाम होतो. २००६ साली नेदरलँड्समध्ये बायपासची वाट बघणाऱ्या आणि फुप्फुसांचा धोका जास्त असलेल्या २७९ पेशंटांवर याचा अभ्यास झाला. निम्म्यांना ऑपरेशनच्या आधी किमान दोन आठवडे रोज २० मिनिटं या यंत्रावर बसवलं. पेशंटच्या सगळ्या ताकदीच्या ३० टक्के अडथळ्यापासून सुरुवात, मग हळूहळू वाढ. ऑपरेशननंतर फुप्फुसांची गुंतागुंत झाली ती यंत्रवाल्यांपैकी शंभरात १८ जणांना आणि नेहमीच्या पद्धतीच्या गटात शंभरात ३५ जणांना. माझ्या कामात एवढा स्वच्छ फरक क्वचित बघायला मिळतो. लक्षात घ्या, हा अभ्यास स्प्रिंगच्या यंत्राचा आहे, तीन गोळ्यांचा नाही. म्हणून बीड किंवा संभाजीनगरात फिजिओथेरपिस्टकडे जाणं जमलं तर स्प्रिंगचं विचारा. ताकद मोजून अडथळा लावावा लागतो, अंदाजाने स्क्रू फिरवायचा नाही. नाहीच जमलं तर तीन गोळ्यांचं तरी नीट करा.

कपालभाती आणि भस्त्रिका बंद. श्वास कोंडून धरणं, म्हणजे कुंभक, तेही बंद. जोराच्या झटक्यांनी आणि श्वास कोंडल्याने छाती-पोटातला दाब एकदम चढतो-उतरतो, बीपी आणि ठोके हेलकावे खातात. अडलेल्या नळ्यांवर हा प्रयोग कशाला? कुंभक न करता अनुलोम-विलोम, सावकाश ओंकार, शवासन चालेल. नाना माळकरी असतील तर संध्याकाळचा हरिपाठ मोठ्याने म्हणू द्या. लांब श्वास घेऊन एकेक चरण पुरा करणं हा श्वास सोडण्याचा फार छान सराव आहे, आणि तो त्यांना औषध वाटणार नाही.

याच बैठकीत खोकायला शिकवा. हसू नका, हे शिकवावं लागतं. उशी छातीशी दोन्ही हातांनी घट्ट कवटाळायची, खोल श्वास घ्यायचा, आणि आरशावर वाफ धरतो तसं उघड्या तोंडाने "हाऽ" करून हवा ढकलायची, दोनदा. मग एक खोकला. आज येत असेल तर टाके असताना येईल. आयसीयूत, गुंगीत, नव्या माणसाकडून नवी गोष्ट कुणाला शिकता येत नाही.

आता चालणं. पाच किलोमीटर नाही. नानांना किती पावलांवर कळ येते किंवा दम भरतो ते आधी मोजा. समजा घरापासून मारुतीच्या पारापर्यंत ३०० पावलं आहेत आणि तिथे छाती भरून येते. तर २०० पावलांवर थांबायचं, दोन-तीन मिनिटं टेकायचं, परत फिरायचं. कळ येण्याच्या अलीकडे थांबायचं, हा सगळ्या चालण्याचा गाभा आहे. "कळ आली तरी रेटून चाला, नळ्या मोकळ्या होतात" असं सांगणारे लोक पारावर भेटतात, त्यांचा चहा प्या आणि परत या.

सुरुवातीला पाच-सहा मिनिटं, दिवसातून दोनदा. पहिली दोन मिनिटं अगदी रमतगमत, शेवटची दोनही तशीच. एकदम चालू आणि एकदम बंद नको. दोन-तीन दिवस त्रास नसेल तर दोन मिनिटं वाढवा. पाच आठवड्यांत एका वेळी २० ते ३० मिनिटांपर्यंत पोचले तर उत्तम, १५ ला अडकले तरी वाईट नाही. वेग कसा ठरवायचा? चालता-चालता तुमच्याशी पुरं वाक्य बोलता आलं पाहिजे. "सोयाबीनला यंदा भाव काय निघाला रे" एवढं एका दमात म्हणता येत नसेल तर वेग जास्त आहे. नाडी मोजायच्या भानगडीत पडू नका. नानांना मेटोप्रोलॉलसारखी ठोके कमी ठेवणारी गोळी असणार, त्यामुळे दमले तरी नाडी फारशी वाढत नाही आणि मोबाइलचं घड्याळ खोटा दिलासा देतं.

सोबत कुणीतरी हवं. खिशात सॉर्बिट्रेट, म्हणजे कळ आली की जिभेखाली ठेवायची गोळी, हवी आणि ती चालताना खिशातच हवी, कपाटात नव्हे. कळ आली की लगेच खाली बसायचं, उभ्याने गोळी घ्यायची नाही, बीपी उतरून माणूस पडतो. एक गोळी जिभेखाली. पाच मिनिटांत उतार नसेल तर १०८. जीप शोधत, मेहुण्याला फोन करत बसू नका. शुगरवाल्यांना कधी-कधी कळ येतच नाही. नुसता घाम फुटतो, दम लागतो, जीव घाबरा होतो. तेही कळच समजायचं. आणि एक गोष्ट मुलगा म्हणून तुम्हाला विचारायला अवघड जाईल: पुरुषांच्या ताकदीच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्यावर सॉर्बिट्रेट घातक ठरते. नाना तुम्हाला सांगणार नाहीत, डॉक्टरांना एकांतात सांगू द्या.

वेळ पहाटेची, उन्हं चढायच्या आत. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये दहा वाजताच डोकं तापतं, पारा ४० च्या वर जातो. त्यात लघवी जास्त होणारी गोळी चालू असेल तर अंगातलं पाणी कमी होऊन चक्कर येते. आणि "उन्हाळा आहे, भरपूर पाणी प्या" हा सल्लाही सगळ्यांना लागू नाही. पंपिंग कमी असलेल्यांना पाणी मोजून सांगितलेलं असतं. थंडीत उलट: पहाटेचा गार वारा छातीवर घेऊन चालल्याने कळ लवकर येते, म्हणून ऊन अंगावर आल्यावर, मफलर गुंडाळून. जेवणानंतर दीड-दोन तास चालायचं नाही. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी चालायचं नाही, खिशात गूळ नाहीतर खडीसाखर ठेवा. चालून आल्यावर पाय बघा, तळवे, बोटांच्या फटी. शुगरवाल्याच्या पायाला चप्पल लागून फोड आला तर ती जखम ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू शकते.

मांड्यांसाठी एकच व्यायाम सांगायचा झाला तर खुर्चीवरून उठणं-बसणं. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा, हलणारी प्लास्टिकची नको. दोन्ही हात छातीवर फुलीसारखे. पुढे झुकायचं, श्वास सोडत उठायचं, श्वास घेत सावकाश बसायचं. धपकन बसलं तर निम्मा व्यायाम वाया. पाचपासून सुरू करून आठ-दहापर्यंत, दिवसातून दोनदा. सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर घडी केलेली गोधडी घालून उंची वाढवा. ओट्याला धरून टाचा उचलणं, दहा-पंधरा वेळा, हेही जोडीला. सूर्यनमस्कार, दंड-बैठका, पोत्याला खांदा देणं, हापसा मारणं, घागर उचलणं: नाही. या सगळ्यांत माणूस नकळत श्वास रोखून जोर लावतो. संडासला कुंथणंही त्यातलंच, पोट साफ राहण्याचं औषध मागून घ्या.

इथे आपल्या घरांची एक अडचण आहे, ती शहरी सल्ल्यांत येत नाही. आपण जमिनीवर जगतो. जेवायला पाटावर, झोपायला खाली नाहीतर बुटक्या बाजेवर, संडासला उकिडवं. जमिनीवरून उठताना आपण हात टेकतोच, आणि हाड जुळेपर्यंत तेच नको असतं. म्हणून या पाच आठवड्यांत घर बदला. दीड-दोन फूट उंच, न झुलणारा पलंग. सुतळीची बाज मध्ये झोळी होते, तीतून हातांशिवाय उठताच येत नाही. संडासाला वर ठेवायची कमोडची खुर्ची. जेवायला टेबल नसेल तर स्टुलावर ताट. आणि पलंगावरून उठायची रीत आजपासून: आधी कुशीवर वळायचं, पाय पलंगाखाली सोडायचे, मग कोपराचा नुसता इशारा घेऊन बसतं व्हायचं. नाना कुरकुर करतील, "मी काय म्हातारा झालो का?" तरी करायला लावा.

घरच्या घरी एक मोजमाप ठेवा. ओसरीत नाहीतर गल्लीत पाच मीटरवर खडूने दोन रेघा ओढा. नेहमीच्या चालीने चालत येऊ द्या, पहिल्या रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचे सेकंद मोजा. हृदयाच्या ऑपरेशनला गेलेल्या सत्तरीच्या आणि पुढच्या लोकांत असं दिसलं आहे की ज्यांना या पाच मीटरला सहा सेकंद किंवा जास्त लागतात त्यांना ऑपरेशननंतर धोका बराच जास्त असतो. नाना ६४ चे, तरी दर आठवड्याला आकडा लिहून ठेवा आणि भरती होताना दाखवा.

खाण्याबद्दल थोडक्यात, पण हे होतंच. ब्लॉकेज कळलं की घरात सगळं बिनतेलाचं, बिनमिठाचं, उकडलेलं सुरू होतं आणि माणूस महिन्यात चार किलो उतरतो. बायका कौतुकाने सांगतात, "वजन कमी केलं बघा." कमी झालं ते मांस. मीठ आणि तळण कमी ठेवा, लोणचं-पापड बंद ठेवा, पण ज्वारीची भाकर, मुगाचं किंवा मटकीचं कालवण, पातळ पिठलं, दही, ताक, खात असतील तर अंडं, हे रोज ताटात हवं. व्यायाम करायचा आणि डाळ द्यायची नाही, तर स्नायू बांधायचे कशाने? किडनीचा रिपोर्ट बिघडलेला असेल तर मात्र डाळीचं प्रमाण डॉक्टरांना विचारून. रक्त कमी असेल तर तेही आत्ताच कळायला हवं, आदल्या दिवशी नाही. ऑपरेशनपर्यंतचे उपवास बंद. एकादशी विठ्ठल समजून घेईल.

तंबाखू तुमच्या प्रश्नात नाही, पण गेवराई म्हटल्यावर मी विचारणारच. बिडी, तंबाखू-चुना, गुटखा, घरातल्या बायकांची मशेरी, सगळं आजपासून बंद. चार आठवडे तरी मिळायला हवेत, तुमच्याकडे पाच आहेत. बिडी सुटल्यावर पहिले काही दिवस कफ वाढल्यासारखा वाटतो. "बिडी सोडली म्हणून खोकला लागला" म्हणत ती परत पेटवू नका, तो कफ निघायलाच हवा.

सर्जन म्हणतील, हे सगळं केल्याने माणूस वाचतो असं सिद्ध झालंय का? त्यांचा प्रश्न रास्त आहे. मृत्यू कमी होतात असं ठामपणे म्हणण्याएवढा पुरावा या व्यायामाच्या बाजूने नाही. २००० साली प्रसिद्ध झालेल्या कॅनडातल्या एका अभ्यासात बायपासची वाट बघणाऱ्या अडीचशेच्या आसपास पेशंटांपैकी निम्म्यांना आठ आठवडे, आठवड्यातून दोनदा देखरेखीखाली व्यायाम, शिवाय माहिती आणि दर महिन्याला नर्सचा फोन असं दिलं. ते दवाखान्यातून एक दिवस आधी घरी गेले. एक दिवस ऐकायला किरकोळ वाटतो. पण दवाखान्याच्या जिन्याखाली चटई टाकून झोपणाऱ्या तुमच्या आईंना विचारा एका दिवसाची किंमत.

जाता-जाता एक वेगळी गोष्ट, कारण बीडकडून प्रश्न आला की ती डोक्यात येतेच. तिकडून माझ्याकडे येणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या तिशीतल्या बायका बायपासच्या नसतात, झडपेच्या असतात. लहानपणी सांधे सुजून ताप आलेला, त्यातून झडप अरुंद झालेली. ठोके वाढले की त्यांच्या फुप्फुसांत पाणी भरतं. अशी एखादी विचारते, "मॅडम, उचल घेतलीय, पट्टा पडला की करू का ऑपरेशन?" (म्हणजे मुकादमाकडून आगाऊ पैसे घेतलेत, तोडीचा हंगाम संपल्यावर करू का), तेव्हा तो वाट बघण्याचा काळ तयारीचा राहत नाही. उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणं हा व्यायाम नाही. तिला मी फक्त श्वासाचे प्रकार देते आणि सोशल वर्करकडे पाठवते, ऑपरेशनचा खर्च उचलणाऱ्या सरकारच्या महात्मा फुले योजनेचा कागद लवकर पुढे सरकावा म्हणून. तुमच्या वस्तीवर अशी कुणी असेल तर नानांचा हा कार्यक्रम तिला देऊ नका.

नानांच्या बाबतीत तुम्ही आणखी एक विचारलं नाही, पण विचाराल: रात्रीची लाइट आल्यावर मोटर चालू करायला जाऊ देऊ का? नाही. अंधार, ओला धुरा, गारठा, जवळ माणूस नाही, आणि पाय घसरला तर जोर लावून सावरणं. दिवसा तुमच्यासोबत शेतापर्यंत सपाट वाटेने गेले, झाडाखाली बसून आले, तर उलट मन रमेल. रात्रीची मोटर तुमच्याकडे.

कुठली गोळी कधी बंद करायची, रक्त पातळ करणारी, शुगरची, ते सर्जन तारखेसकट सांगतील. स्वतःच्या मनाने एकही बंद करू नका, व्यायाम चांगला चाललाय म्हणून तर नाहीच. दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोने वाढलं, आधी त्रास न होणाऱ्या अंतरावर त्रास व्हायला लागला, किंवा रात्री कळेने जाग आली, तर चालणं त्याच दिवशी थांबवून फोन करा.

भरती व्हायला निघाल तेव्हा पिशवीत तीन गोळ्यांचं यंत्र, सरावाची तीच उशी, पाच मीटरचे आकडे लिहिलेली वही आणि नानांची रोजची चप्पल टाका. लोक दवाखान्यासाठी मुद्दाम नवी स्लीपर घेतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आम्ही वॉर्डात चालवतो तेव्हा ती फरशीवर सटकते, आणि सावरायला हात टेकायची सोय नसते. मागे पट्टा असलेली, पायाला बसलेली जुनीच चप्पल आणा, फक्त धुऊन.